उचल : कारागिराच्या मोलाचा इतिहास

मराठी भाषेत जे शब्द दिसावयास साधे पण परिणामी फार दूर पोहोचणारे आहेत, त्यांत ‘उचल’ या शब्दाची गणना करावी लागेल. काम होण्यापूर्वी कामकऱ्याच्या हाती जो पैसा ठेवला जातो, ती उचल. विणकराने सूत आणावे, चर्मकाराने कातडे आणावे, कुंभाराने जळण भरावे आणि माल तयार होऊन विकला जाईपर्यंत घरची चूल पेटती राहावी, एवढ्यासाठी हा पैसा लागतो. देणारा त्यास उपकार समजतो आणि बहुधा घेणाराही तसेच समजतो. परंतु आपल्या देशातील हस्तव्यवसायांचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास चाळला असता असे दिसते की, कारागिराचे दैन्य आणि त्याची उन्नती या दोहोंच्याही मुळाशी बव्हंशी हाच एक व्यवहार आहे. ‘फेअर ट्रेड’ किंवा न्याय्य व्यापार या नावाने जी चळवळ आज जगभर ओळखली जाते, तिचाही गाभा आम्हांला येथेच दिसतो. हे मत साधार मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या मुलखात कारागिराला मोल देण्याची जुनी रीत म्हणजे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या पद्धतीचे जे सांगोपांग वर्णन आले आहे, ते अनेक वाचकांच्या परिचयाचे असेल. सुताराने, लोहाराने, चांभाराने वर्षभर कुणब्याची कामे करावीत आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यावा, असा तो व्यवहार होता. त्यात एक सोय होती : माल विकला जाण्याची वाट पाहावी लागत नसे. पण त्या सोयीची किंमतही मोठी होती. वाटा घेणाऱ्याला भाव करता येत नाही आणि काम नाकारताही येत नाही. शिवाय जातीने ठरविलेले काम सोडून दुसरे धरण्याची मुभा नव्हती. बलुत्यात पोट होते, मोल नव्हते. म्हणून ‘जुने ते सोने’ असे म्हणून या प्रकरणाचा निकाल लावणे आम्हांस मान्य नाही.

बाजारासाठी माल करणाऱ्या कारागिराची स्थिती निराळी होती आणि तिचा सर्वांत बोलका पुरावा बंगालच्या विणकरांच्या इतिहासात सापडतो. तेथे आगाऊ पैसे देऊन कापड विणून घेण्याच्या रीतीला दादनी म्हणत. ईस्ट इंडिया कंपनी प्रथम देशी व्यापाऱ्यांमार्फत ही दादनी देई. १७५३ साली तिने या व्यापाऱ्यांना दूर सारून आपले पगारी गुमास्ते नेमले आणि १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर या गुमास्त्यांच्या पाठीशी राजसत्ता उभी राहिली. सावकार आणि शिपाई हे दोघे एकाच दारात उभे राहिले म्हणजे करारपत्राचे काय होते, हे पुढील पन्नास वर्षांत बंगालने पाहिले.

विल्यम बोल्ट्स हा कंपनीचाच एक माजी नोकर. तो स्वतः खासगी व्यापारात गबर झालेला आणि १७६८ साली कंपनीने हद्दपार केलेला असल्यामुळे त्याची साक्ष तोलूनमापूनच घ्यावी लागते. तथापि १७७२ साली लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तो जे तपशील देतो, ते व्यवहार जवळून पाहणाऱ्याचे आहेत. गुमास्त्यांनी ठरविलेला भाव खुल्या बाजाराच्या भावाहून निदान शेकडा १५ ने आणि कोठे कोठे शेकडा ४० ने कमी असे, असे तो लिहितो. विणकराने उचल नाकारली तर ती त्याच्या कंबरेच्या पट्ट्यात बळेच बांधून, वर फटके मारून त्याची रवानगी केली जाई. कंपनीने विणकरांचे अंगठे तोडले, अशी जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, तिचे मूळही येथेच आहे. मात्र बोल्ट्सचे म्हणणे असे की, रेशीम उकलणाऱ्या कारागिरांनी सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी स्वतःचेच अंगठे तोडून घेतले. आमच्या मते ही हकीकत प्रचलित कथेपेक्षा अधिक भयंकर आहे. ज्या अवयवावर पोट अवलंबून, तोच टाकून देणे ज्याला स्वस्त वाटले, त्याच्या अंगावर उचलीचे ओझे किती असेल!

पुढे या जुलमाला कायद्याचे वस्त्र मिळाले. १७९३ च्या ३१ व्या रेग्युलेशनप्रमाणे कंपनीची उचल घेतलेल्या विणकराने आपले श्रम किंवा आपला माल दुसऱ्या कोणासही देऊ नये, असे ठरले. माल देण्यास विलंब झाला तर त्याच्या दारात प्यादे बसविण्याचा अधिकार कंपनीच्या रेसिडेंटास मिळाला. कंपनीचे राज्य संपल्यावरही ही दृष्टी गेली नाही. कलकत्त्याच्या युरोपियन व्यापाऱ्यांच्या संघाने केलेल्या अर्जावरून १८५९ चा १३ वा कायदा झाला. तो प्रथम कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांपुरता होता आणि इतरत्र लागू करण्याची तरतूद त्यातच होती. उचल घेतलेल्या कारागिराने वा मजुराने काम टाळले, तर मॅजिस्ट्रेटने त्यास पैसे परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम द्यावा आणि हुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा ठोठवावी, असे या कायद्याने सांगितले.

कायद्याच्या अभ्यासकास यातील विषमता सहज दिसेल. दोन पक्षांत करार झाला आणि एकाने तो मोडला, तर दुसऱ्याने दिवाणी दावा लावून नुकसानभरपाई मागावी, हा सर्वमान्य नियम. व्यापाऱ्याने कारागिराचे पैसे बुडविले तर कारागिरास हाच मार्ग होता. पण कारागिराने काम चुकविले तर मात्र तुरुंग. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. साठांहून अधिक वर्षे उचलीचे कर्ज आणि फौजदारीचे भय हे एकाच साखळीचे दोन दुवे होते.

हा कायदा रद्द करणारा कायदा ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी, सप्टेंबर १९२५ मध्ये, पाटणा येथे अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. हा निव्वळ योगायोग होय. परंतु इतिहासात असे योगायोग उपयोगी पडतात. संघाने कापूस पुरवावा, सूत विकत घ्यावे, खादी विणून घ्यावी आणि आपल्या भांडारांतून विकावी, अशी व्यवस्था होती. म्हणजे भांडवल आणि विक्रीची जोखीम संघाची होती, कातणारणीची नव्हती. येथपर्यंत सर्व ठीक होते. पण मिलच्या कापडाशी स्पर्धा करावयाची म्हणून खादी होईल तितकी स्वस्त ठेवण्याकडे संघाचा कल होता आणि ही स्वस्ताई अखेर कातणारणीच्या मजुरीतूनच निघत होती. दिवसभर कातून तिच्या पदरी कसाबसा एखाद-दीड आणा पडे.

या प्रकाराला स्वतः गांधीजींनीच आक्षेप घेतला. कातणारणीला आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल आठ आणे मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्याच सहकाऱ्यांना ही गोष्ट अव्यवहार्य वाटली; खादी महाग होईल, गिऱ्हाईक पळेल, आणि आज जे दोन आणे मिळतात तेही बुडतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. आजही न्याय्य व्यापारावर जो आक्षेप घेतला जातो तो शब्दशः हाच आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे संघाने ठराव केला. आठ आण्यांचे ध्येय गाठता आले नाही. परंतु कातणारणीची किमान मजुरी तिच्या अन्नवस्त्राच्या गरजेवरून ठरवावी, बाजारात सूत कोणत्या भावाने मिळते यावरून ठरवू नये, हे तत्त्व मान्य झाले. त्याच सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडी येथे दिवसचे दिवस सूत कातून, त्या मजुरीत माणसाचे पोट भरते की नाही, याची स्वतःवरच परीक्षा घेतली. खादीचा भाव वाढला. ही वाढीव मजुरी न देता खादीच्या नावावर माल खपविणारे व्यापारी उत्पन्न होऊ नयेत म्हणून प्रमाणपत्राची पद्धत अधिक कडक झाली : संघाचे दर पाळील तोच दुकानदार प्रमाणित.

आमच्या समजुतीप्रमाणे वर्धा येथील हा ठराव न्याय्य व्यापाराच्या इतिहासातील एक मोठा टप्पा आहे. कामाचे तास मोजून गरजेवरून मजुरी ठरविणे, त्या मजुरीवरून वस्तूची किंमत काढणे, ती किंमत ग्राहकास उघड सांगणे आणि पाळणाऱ्यास प्रमाणपत्र देणे, ही चारही अंगे त्यात होती. पाश्चात्त्य देशांत या विषयाचा इतिहास सांगताना बहुधा १९४६ पासून आरंभ करतात. त्याच्या अकरा वर्षे आधी वर्धा येथे हे झाले होते.

१९४६ साली काय झाले? एड्ना रूथ बायलर नावाच्या एक अमेरिकन बाई प्वेर्टो रिको बेटावर गेल्या होत्या. तेथील स्त्रियांचे भरतकाम त्यांनी विकत घेतले आणि पेनसिल्व्हेनियात परतल्यावर आपल्या मोटारीत घालून ओळखीपाळखीच्यांत विकले. या घरगुती प्रयत्नातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही मोठी संस्था वाढली. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांची व्यापारविषयक दुसरी परिषद नवी दिल्ली येथे भरली. गरीब देशांना मदत नको, व्यापार हवा, ही घोषणा तेथे गाजली. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील ब्रॉइकेलन गावी या तत्त्वावरचे पहिले दुकान उघडले. १९८८ साली त्याच देशात ‘माक्स हाफेलार’ ही खूण निघाली आणि तिचा आरंभ कॉफीपासून झाला. जावा बेटावरील डच अंमलातील पिळवणूक उघडकीस आणणाऱ्या १८६० च्या एका कादंबरीच्या नायकाचे ते नाव आहे. ज्यांनी लुटले त्यांच्याच वंशजांनी ते आपल्या पुड्यांवर छापले, ही गोष्ट लक्षणीय होय.

परंतु कॉफीचा नियम हस्तकलेस लागू पडत नाही. कॉफीचे पोते दुसऱ्या पोत्यासारखे असते, सबब त्यास किमान भाव बांधून देता येतो. एक पैठणी दुसऱ्या पैठणीसारखी नसते. म्हणून हस्तकलेच्या बाबतीत वस्तूवर शिक्का न मारता, ती करवून घेणाऱ्या संस्थेचे वर्तन तपासावे, असा मार्ग निघाला. १९८९ साली स्थापन झालेल्या आणि आज जागतिक न्याय्य व्यापार संघटना या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने यासाठी दहा तत्त्वे घालून दिली आहेत. बालमजुरी नसावी, स्त्रीपुरुषांस समान कामाबद्दल समान मोल मिळावे, किंमत उभयपक्षी बोलून ठरावी, चालू संबंध अकस्मात तोडू नये, इत्यादी. यांतच एक तत्त्व असे आहे की, हस्तकलेच्या मालाची मागणी नोंदविताना कारागिराने इच्छा दर्शविल्यास किमतीचा निदान अर्धा भाग त्यास आगाऊ आणि बिनव्याजी द्यावा.

ही उचलच नव्हे काय? १७९३ साली जिने विणकराच्या दारात प्यादा बसविला आणि १८५९ साली जिने कारागिराला तुरुंग दाखविला, तीच ही उचल. आणि येथे मात्र ती कारागिराचा आधार ठरते. फरक कोठे पडला? आमच्या मते तो तीन ठिकाणी पडला. पहिला, भाव आधी ठरतो आणि पैसा मागाहून येतो. बंगालमध्ये पैसा आधी कंबरेला बांधला जाई व भाव गुमास्ता मागाहून ठरवी. दुसरा, कारागिरास दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम घेण्याची मोकळीक असते. तिसरा, पैसे आधी देणारा स्वतःही काही गोष्टींनी बांधलेला असतो आणि त्या मोडल्यास त्याचे प्रमाणपत्र जाते. रुपया तोच असतो. त्याच्याबरोबर बंधन कोणाकोणावर येते, यावर त्याचा गुण अवलंबून आहे.

या तत्त्वाचे एक उदाहरण इंदूरच्या वाचकांस परिचित आहे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरास राजधानी नेली आणि तेथे विणकर वसविले. कालांतराने तो धंदा खालावला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ ही संस्था काढून स्त्रियांना माग शिकविण्यापासून आरंभ केला. माल संस्थेने घडवून घ्यावा, विक्रीची चिंता संस्थेने वाहावी आणि विणणारणीच्या हाती नियमाने मजुरी पडावी, ही तिची पद्धत. चरखा संघाची आणि तिची जात एकच आहे.

आता सीमाभागाकडे वळू. कोल्हापुरी वहाण ज्याने घातली नाही, असा मराठी माणूस विरळा. बडोद्यात असो की हैदराबादेत, सणासमारंभाला ती पेटीतून निघतेच. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेले कातडे, रापीने कापलेला तळ, कातड्याच्याच वादीची शिवण, अंगठा, दोन बाजूंचे कान आणि वर बारीक वेणी. वेणी गुंफण्याचे काम बहुधा घरच्या स्त्रिया करतात, आणि हिशेबात त्यांचे नाव क्वचितच येते. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात बलुतेदारीची पद्धत बंद करून कोणासही कोणताही व्यवसाय करण्याची मोकळीक दिली. त्यामुळे चर्मकाराचे बंधन तुटले. पण बंधनाबरोबर खळ्यावरचा वाटाही गेला आणि बाजारात उभे राहण्यास लागणारे भांडवल त्याच्याजवळ नव्हते. ती जागा पुढे व्यापाऱ्याने व्यापली.

ही वहाण केवळ कोल्हापुरात होत नाही. बेळगाव जिल्ह्यातील अथणी व निपाणी भागांतील कारागीर ती पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अथणी येथे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने कारागिरांचे, विशेषतः स्त्रियांचे, बचतगट उभे राहिले आणि ‘टोहोल्ड’ या नावाने त्यांचा माल परदेशी जाऊ लागला. २०१९ साली या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांस मिळून. ज्या सीमेवरून दोन राज्यांचे भांडण १९५६ पासून मिटलेले नाही, तीवर या एका वहाणेने तरी समेट घडविला!

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथे अशाच वहाणा दाखविल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही. गवगवा झाल्यावर पेढीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत, हक्कभंग झाला असे त्यांना वाटल्यास त्यांनी दावा लावावा, असा त्या निर्णयाचा आशय. कायद्याच्या दृष्टीने तो सुसंगत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच दोन महामंडळांशी पेढीने करार केला आणि येथील कारागिरांकडून २००० जोड करवून ते सुमारे ८०० युरोंस एक याप्रमाणे विकण्याची योजना जाहीर झाली.

या वृत्ताने आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने नेमके काय दिले, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याने नावाचे रक्षण केले. ‘कोल्हापुरी’ हे नाव कोणी वापरावे, अधिकृत वापरकर्ता म्हणून कोणाची नोंद व्हावी, हे तो सांगतो. जोडाच्या किमतीतून वेणी गुंफणारीस किती मिळावे आणि केव्हा मिळावे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. नाव आणि मोल या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप येते, हा भ्रम होय.

‘केव्हा मिळावे’ हा प्रश्न ‘किती मिळावे’ याहून कमी महत्त्वाचा नाही. आपल्याकडील दुकानांत आणि प्रदर्शनांत कारागिराचा माल पुष्कळदा जांगड ठेवला जातो : विकला गेला तर पैसे, न गेला तर माल परत. वरवर यात कोणाचेच नुकसान दिसत नाही. वस्तुतः जांगड म्हणजे उलटी उचल होय. कातड्याचा, सुताचा, रंगाचा खर्च कारागिराने आधीच केलेला असतो आणि तो माल दुकानदाराच्या फळीवर महिनोन्महिने पडून राहतो. म्हणजे गरिबाने श्रीमंताला बिनव्याजी कर्ज दिलेले असते. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे अशा मालाची मालकी, घेणाऱ्याने पसंती दाखवीपर्यंत किंवा ठरलेली वा वाजवी मुदत टळेपर्यंत, देणाऱ्याकडेच राहते. जोखीमही अर्थातच त्याचीच.

यावर कायद्यात काही उपाय आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत; न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १८५९ च्या कायद्याशी याची तुलना केली म्हणजे तराजू किती फिरला आहे ते कळते. पण जो नोंदलेलाच नाही, त्यास याचा लाभ नाही. आणि जांगडीत विक्रीच झालेली नाही, सबब मुदत सुरूच होत नाही, असा युक्तिवाद करावयास जागा राहते.

न्याय्य व्यापार हा सर्व दुःखांवरचा रामबाण आहे, असे आम्ही म्हणत नाही. जगाच्या बाजारात त्याचा वाटा लहान आहे, आणि महाग विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची किंमत कारागिरापर्यंत पोहोचते असेही नाही. पण त्याने एक प्रश्न विचारावयास शिकविले, आणि तो प्रश्न विचारण्यास कोणत्याही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची जरूर नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, पणजी येथील आपली मंडळे दिवाळीस आणि गणेशोत्सवात हस्तकलेची प्रदर्शने भरवितात. पाहुण्यांस देण्यासाठी शाली, खेळणी, वहाणा मागवितात. त्यांच्या चिटणिसांनी एवढेच करावे : भाव कारागिराशी बोलून ठरवावा, अर्धी रक्कम मागणीबरोबर पाठवावी, उरलेली माल हाती येताच चुकती करावी आणि न विकलेला माल परत न पाठविता पुढील वर्षासाठी ठेवावा. मंडळाच्या तिजोरीस याचा भार फारसा पडणार नाही. अथणीच्या घरी मात्र पुढील महिन्याचे कातडे सावकाराच्या दारी न जाता येईल.